‘उडणं खोटं वाटलं’ म्हणणाऱ्याला खटकलं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा. अमळनेर तालुक्यातल्या पाच पोरांनी सुपरमॅनवर अहिराणीत २४ मिनिटांची फॅन फिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने केलेली फिल्म, केली. खर्च ३८ हजार. गणपतीत मंडळाच्या मांडवात दाखवली, मग यूट्यूबवर टाकली. मतं आली ती अशी: ‘उडणं एकदम खोटं’, ‘मज्या उनी’, ‘हॉलिवूडची नक्कल करायला अक्कल लागते’, ‘काय बोलस ते आयकूच येत नही’, ‘पोरांची मेहनत दिसते’. दिग्दर्शक पोरगा विचारतोय की यातलं कोणतं मत धरायचं, आणि दुसऱ्या भागात सगळे पैसे ग्राफिक्सवर घालायचे का?

भाऊ, तुझी फिल्म मी तीनदा पाहिली. एकदा फोनवर, एकदा कॉम्प्युटरवर हेडफोन लावून, आणि तिसऱ्यांदा घरी टीव्हीवर, बायको आणि पुतण्यासोबत जेवता जेवता. तिसऱ्या वेळी मी पडद्याकडे कमी आणि त्या दोघांकडे जास्त बघत होतो. तिसऱ्या मिनिटाला बायको ‘कळण्याची भाकरी आणते’ म्हणून उठली ती पाच मिनिटं आलीच नाही. सहाव्या मिनिटाला पुतण्याने डाव्या हाताने फोन काढला. नवव्या मिनिटाला तुझा हिरो उडाला, तेव्हा पुतण्या खदाखदा हसला, ‘काका, हिरवी कड दिसतेय बघा’ म्हणाला (हिरव्या पडद्यासमोर शूट करून मागे आकाश चिकटवलंय, त्या पडद्याची कड) आणि फोन उलटा करून ताटाशेजारी ठेवला. बायकोही दारात उभी राहून बघायला लागली.

आता सांग, तुझी फिल्म पडली कुठे? उडण्यात? ज्या प्रसंगाला सगळ्यात जास्त शिव्या बसल्या, त्याच प्रसंगात माणसं जागी होती. ज्या विहिरीवरच्या प्रसंगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, तिथे माणसं उठून गेली होती.

पंचवीस-सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात. जळगावात लग्नाच्या शूटिंगला खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेऊन सुरुवात केली, मग सीडीचा जमाना आला, तेव्हा अहिराणी कॉमेडीच्या सीडी एडिट केल्या, आता यूट्यूबवाल्या पोरांची कामं करतो. एवढ्यात एक गोष्ट कळली. प्रेक्षकाला काहीतरी खटकलं हे तो कधी खोटं सांगत नाही, पण काय खटकलं ते त्याला सहसा सांगता येत नाही. गॅरेजवर येणारं गिऱ्हाईक म्हणतं ना, ‘गाडी ओढत नाही, प्लग बदलून टाक’. गाडी ओढत नाही हे खरं असतं, प्लगचं तेवढं त्याने मनाने लावलेलं असतं. तुझ्या प्रेक्षकाला खोटं वाटलं ते डोळ्यांनी नाही, कानांनी. त्याने नाव मात्र डोळ्यांचं घेतलं, कारण हिरवी कड दाखवता येते, आवाज दाखवता येत नाही.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. २००६ च्या सुमारास भुसावळकडे मी स्वतः एक सीडी पिक्चर केला होता. शूटिंग जिनिंगच्या मागच्या आवारात, ऐन कापसाच्या सीझनमध्ये. मशीनचा घरघराट सगळ्या संवादांखाली. मला वाटलं, वास्तव वाटेल. लोक म्हणाले, ‘हिरो दमदार नाही.’ मी पुढच्या पिक्चरला हिरो बदलला. तरी लोक म्हणाले, ‘हिरो दमदार नाही.’ मग एका म्हाताऱ्या लाऊडस्पीकरवाल्याने, ज्याने जत्रेत आयुष्य काढलं होतं, मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मालक, तुमचा हिरो बोलतो तेव्हा मले फक्त दात दिसतात.’ पहिल्या पिक्चरचा तो पोरगा त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

तुझा विहिरीवरचा प्रसंग घे. खलनायक, म्हणजे वाळूचा ठेकेदार, सरपंचाला सांगतो की बोरी नदीतली वाळू रात्रीतून उचलायची आणि आड येणाऱ्याला हिरव्या बाटलीने गार करायचं. आख्खी गोष्ट त्या चार वाक्यांवर उभी आहे. मला ती कळली हेडफोन लावल्यावर. कॅमेरा आठ-दहा फुटांवर, माईक कॅमेऱ्याचाच, मागे पाण्याची मोटर चालू, वरून वारा. हीच फिल्म मांडवात लावल्यावर काय झालं असेल ते मला न येता कळतंय. मांडवातले बॉक्स नाचायसाठी लावलेले असतात, बोलणं ऐकायसाठी नाही. ऑपरेटर बेस पूर्ण वर ठेवतो, म्हणजे मोटरची घरघर दुप्पट आणि शब्द गायब. पुढच्या वेळी दाखवण्याआधी त्याला चहा पाज आणि बेस खाली घ्यायला लाव. एवढ्यानेच तुझी अर्धी फिल्म लोकांना समजली असती. ज्याला गोष्ट समजलेली नाही, तो बसून करणार काय? कडा मोजणार.

आता उडण्याचं बघ. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरसवदा माणसांनी सुपरमॅन छापून आणला, तेव्हा तो उडतच नव्हता. उड्या मारायचा, एक अष्टमांश मैल लांब, म्हणजे आपल्या हिशेबाने दोनशे मीटर. १९४० मध्ये त्याची रेडिओवर मालिका सुरू झाली. रेडिओवर माणूस उडताना दाखवणार कसा? तर त्याने ‘अप, अप अँड अवे’ म्हणायचं आणि पाठोपाठ वाऱ्याचा सूंऽऽ आवाज सोडायचा. पोरांनी ते डोळे मिटून पाहिलं. तुझ्या हिरवट बाटलीचं मूळ, तो सुपरमॅनची ताकद घालवणारा क्रिप्टोनाइट दगड, तोसुद्धा पहिल्यांदा रेडिओवरच आला, १९४३ मध्ये. १९४८ ला थिएटरात पंधरा भागांची मालिका आली, त्यात हिरो उडायच्या क्षणी खऱ्या माणसाचं चक्क कार्टून व्हायचं. आणि लोकांनी ते चालवून घेतलं! तारांना लटकवून आणि पुढून चित्र टाकून खरा माणूस खराच उडाल्यासारखा दाखवायला १९७८ साल उजाडावं लागलं.

तुझ्या उडण्याखाली काय आहे? एका हिंदी पिक्चरचं गाणं. ना वारा, ना कपड्याची फडफड, ना खाली कुत्रं भुंकतंय, ना जमिनीवर पाय टेकल्याचा धप्प आवाज. डोळा म्हणतो माणूस हवेत आहे, कान म्हणतो माणूस रिक्षात बसून गाणं ऐकतोय. दोघांचं पटेना की मेंदू म्हणतो, खोटं आहे.

एक रविवार काढ. घरातली एक खोली घे, खिडक्यांवर आणि भिंतींवर गोधड्या टांग, पंखा-कूलर बंद. आजोबांचं धोतर ओलं कर, पिळून घे आणि माईकपासून हातभर लांब धरून झटक. फट्ट करून जो आवाज येतो तो हिरोच्या पाठीवरच्या केपचा. एकदा जोरात, एकदा सलग हळू. वाऱ्यासाठी संध्याकाळी केळीच्या बागेच्या कडेला जा, माईकवर स्पंज चढव आणि फाटलेली पानं वाजताना दोन मिनिटं नुसतं रेकॉर्ड कर. उतरण्यासाठी सरकीचं पोतं माळ्यावरून मातीच्या जमिनीवर टाक. हे तिन्ही आवाज त्याच जुन्या, हिरव्या कडेच्या शॉटखाली लाव आणि ज्याने ‘उडणं खोटं’ म्हटलं होतं त्यालाच काही न सांगता परत दाखव. मी हा प्रयोग दोन वेळा दोन वेगळ्या पोरांच्या फिल्मवर केलाय. दोन्ही वेळा माणूस म्हणाला, ‘हां, आता ग्राफिक्स सुधारलं.’ ग्राफिक्सला कुणी हातही लावला नव्हता.

संवादांसाठी महागडं काही घेऊ नको. कॉलरला लावायचा साधा वायरवाला माईक दुसऱ्या फोनला जोड, तो फोन नटाच्या खिशात, विमान मोडवर. शॉट सुरू होताना एक टाळी वाजव म्हणजे एडिटिंगला दोन्ही जुळवता येतात. प्रत्येक ठिकाणाहून निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट तिथली शांतता रेकॉर्ड कर. पोरं हसतील, हसू दे. संवादाच्या मधल्या फटी त्याच शांततेने भरायच्या असतात. आणि मोटर बंद करायला मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेव, नाहीतर लाईट असते तेव्हाच पाणी द्यायचं असतं त्याला, तो तुझ्या सुपरमॅनसाठी थांबणार नाही.

बाराव्या मिनिटानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, ते नटाचं पाप नाही. फोन फ्रेम रेट आपल्या मर्जीने खालीवर करतो, सेकंदाला कधी तीस चित्रं, कधी अठ्ठावीस. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही आणि आवाज हळूहळू सरकत जातो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळे शॉट कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या, फ्रेम रेटवर, २५ वर, आधी बदलून घे. मगच टाइमलाइनवर घे.

चित्रात दोष नाहीत असं मी म्हणत नाही. निळ्या ड्रेसला हिरवा पडदा घेतलास हे शंभर टक्के बरोबर केलंस. पण हिरो पडद्याला चिकटून उभा आहे, त्यामुळे कापडाचा हिरवा उजेड त्याच्या कानांवर आणि केपच्या कडेवर पडलाय. पडद्यापासून सहा-सात फूट पुढे आण, पडद्याला वेगळा लाइट दे, कापडाला इस्त्री मार. त्याहून मोठी चूक म्हणजे हिरो गच्चीवर दुपारी बाराला शूट केलाय, ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली काळ्या खाचा. मागचं चित्र मात्र संध्याकाळचं, ऊन पश्चिमेकडून आडवं. ही गफलत लहान पोरालाही जाणवते, नाव सांगता येत नाही एवढंच. दुपारच्या कडक उन्हात फोन शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेतो, म्हणून केप फडफडण्याऐवजी टकटक उड्या मारते. २५ फ्रेमला शटर सेकंदाचा एक पन्नासांश ठेव, जास्तीचं ऊन कमी करायला लेन्ससमोर एनडी फिल्टर लाव. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास फिरतो, तेव्हा दुपारी नायलॉनच्या ड्रेसमध्ये पोरगं उभं करणं तसंही पाप आहे.

उडणं दाखवायलाच हवं असंही नाही. तुझ्या फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता शॉट कोणता सांगू? म्हातारी अंगणात कुरडया वाळत घालतेय, तिच्यावरून एक सावली सरकते, ती वर बघते आणि आधी कुरडयांवर पदर धरते. दीड सेकंदाचा शॉट. शून्य खर्च. त्यात माझी बायको मनापासून हसली. तसे आणखी चार कर.

आता मतांकडे येऊ. ‘आयकूच येत नही’ हे मत धर, सगळं त्यातच आलं. ‘मेहनत दिसते’ हे मत बाजूला ठेव. लग्नात कुणी ‘जेवण गरम होतं’ म्हणालं की आचाऱ्याने काय समजायचं ते समजतो, तसंच ते आहे. आपली माणसं प्रेमाने बोलतात, त्यांना दुखवू नको, पण त्यावर एडिटिंग करू नको. ‘मज्या उनी’ म्हणणाऱ्यांना मात्र पकड आणि विचार, कुठे आली? ‘कसा वाटला’ असं विचारूच नको, त्याला माणूस ‘चांगला’ एवढंच म्हणतो. विचार, ‘गोष्ट काय होती, सांग.’ मी पुतण्याला विचारलं तर म्हणाला, ‘सुपरमॅन एका जाड्या माणसाला मारतो.’ का मारतो? ‘माहीत नाही, तो वाईट आहे ना.’ वाळू नाही, नदी नाही, काही नाही. विहिरीवरचा आवाज गेला म्हणजे काय गेलं ते यावरून बघ.

पुढच्या वेळी दाखवशील तेव्हा मागे मित्रांच्या घोळक्यात उभा राहू नको. पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून बस. हातात कागद आणि वेळ. कोण कधी फोन काढतो, कधी चुळबूळ होते, पोरं कधी ओरडतात, एवढंच लिही. यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनलवाल्याचं जे पान असतं, त्यात लोक कुठे सोडून गेले त्याचा आलेख मिळतो, तो आणि तुझा कागद शेजारी ठेव. तुझ्या फिल्मच्या सुरुवातीला पावणेदोन मिनिटं आभार आहेत. कृषी केंद्र, केळीचे व्यापारी, दोन माजी सरपंच, फोटोसकट. त्यांनी पैसे दिलेत, मला मान्य आहे. पण ते शेवटी घाल आणि त्यांना आधीच सांग की शेवटी येणारं नाव लक्षात राहतं. पटतं लोकांना.

सगळ्यात झोंबलेलं मत ‘नक्कल करायला अक्कल लागते’ हे ना? तू त्याचा राग धरलायस, प्रश्नातूनच दिसतंय. पण त्याच माणसाने पुढे लिहिलंय, ‘कापसाच्या गंजीत पडतो तो सीन जमला.’ हे दुसरं वाक्य तू मला पाठवताना गाळलंस, मी मूळ मत शोधून वाचलं. त्याचं म्हणणं नीट ऐक. सुरुवातीला तू नेटवरून घेतलेले ग्रह-तारे फोडतोस, गंभीर आवाजात निवेदन देतोस. तेव्हा प्रेक्षक हातात कोट्यवधींची मोजपट्टी घेतो, कारण ती तूच त्याच्या हातात दिलीस. हिरो कापसात धप्पकन पडतो, नाकातून कापूस काढतो आणि रखवालदार त्याला आधी ‘कोना पोऱ्या शे रे तू?’ विचारतो, तिथे ती मोजपट्टी आपोआप खाली पडते. तिथून पुढे तो तुझ्या गावात असतो. मग हिरवी कड दिसली तरी तो तुझ्यासोबत हसतो, तुला हसत नाही.

धुळ्याहून तासाभरावरच्या मालेगावात नासिर शेख यांनी हेच ओळखलं होतं. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता त्यांनी मोठ्या पिक्चरांच्या गमतीदार आवृत्त्या काढल्या. त्यांचा सुपरमॅन म्हणजे लूमवर काम करणारा काडीपैलवान, आणि त्याची लढाई तंबाखूशी. फैजा अहमद खान यांनी त्या शूटिंगवर माहितीपट केला, पुढे २०२५ मध्ये या मंडळींवर रीमा कागती यांचा मोठा पिक्चरही थिएटरात आला. मालेगावच्या प्रेक्षकाने त्या हिरोची अमेरिकेतल्या हिरोशी तुलना केली नाही, कारण गल्लीतला माणूस ओळखीचा होता आणि त्याची खोडही ओळखीची होती. तुझ्याकडे वाळू आहे, बोरी आहे, अहिराणी आहे. ग्रह फोडायला गेलास कशाला?

कायद्याचं थोडक्यात. फॅन फिल्म म्हटलं म्हणून आपोआप सूट मिळत नाही. सुपरमॅनच्या पहिल्या अंकाचा अमेरिकेतला कॉपीराइट २०३३ अखेरपर्यंत आहे, म्हणून तिकीट लावू नको, विकू नको, जाहिरातीचे पैसे घेऊ नको, छातीवरचा तो ‘एस’ पोस्टरवर मोठा करू नको. तिकडे स्टार ट्रेक या अंतराळातल्या मालिकेच्या मालकांनी एका मोठ्या फॅन फिल्मवर खटला भरल्यावर २०१६ मध्ये चाहत्यांसाठी नियमच काढले: एक गोष्ट पंधरा मिनिटांत, फार तर दोन भाग. सुपरमॅनला तो नियम लागू नाही, पण तुला पंधरा मिनिटांची शिस्त लागली तर भलंच होईल. आणि ते हिंदी गाणं तर आजच काढ. यूट्यूबची यंत्रणा सुपरमॅनच्या आधी त्या गाण्याला पकडेल. नाहीतरी तिथे धोतराचा आवाज बसवायचा आहेच.

दुसऱ्या भागाचं म्हणशील तर आत्ता नको. आहे तीच फिल्म चौदा मिनिटांची कर. ग्रह काढ, आभार मागे टाक, मारामारी अर्धी कर (तीन वेळा तोच ठोसा तीन कोनांतून दाखवलायस, पहिला पुरे), विहिरीवरचे संवाद डब कर, उडण्याखाली आवाज भर. खर्च एका माईकचा आणि सरकीच्या पोत्याचा. पोतं परत करता येतं. मग ती दुसऱ्या गावात दाखव, जिथे तुमच्यापैकी कुणाचा मामा राहत नाही. कागदावरची टाचणं आणि नवी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जळगावला ये, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नको, तिथे दाबून दाबून आवाजाची पार वाट लागते. आणि ती कुरडयावाली म्हातारी कोण आहे ते विचारून ठेव, पुढच्या भागात तिला चार वाक्यं द्यायची आहेत.